नेलप्पांची जमीन

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की या पृथ्वीतलावर पूर्णपणे स्वच्छ जमीन आजवर फक्त दोनदा तयार झाली. दोन्ही वेळा ती बंगळूर मुक्कामी झाली, दोन्ही वेळा एकाच माणसाने केली, आणि दोन्ही वेळा मी तिथे हजर होतो. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या घरातल्या जमिनीवर पाण्याचा एक थेंब टाकावा, तो काय करतो ते पाहावं, आणि मग बोलावं.

ही थेंबाची परीक्षा नेलप्पांची. एकोणीसशे साठ साल लागलं त्या सुमारास मी मल्लेश्वरमपलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात देखभाल खात्यात चिकटलो, तेव्हा ते तिथे ओव्हरसियर होते. कामगार त्यांना मागे ‘नेलप्पा’ म्हणायचे. कन्नडात नेल म्हणजे जमीन. बाकीचं समजण्यासारखं आहे. समोर ‘सार’ म्हणायचे. आमचं घराणं आणि त्यांचं घराणं दोन्ही बंगळुरात मुरलेली मराठी, त्यामुळे मला त्यांना अण्णा म्हणायची परवानगी होती. त्यांचा चेहरा आठवायचा तर आज कष्ट पडतात, कारण तो सदोदित खाली असायचा. टक्कल मात्र लख्ख आठवतं.

कुठेही गेले की दारात चपला काढून ते पहिलं पाऊल अगदी हळू टाकत. गरम दुधात बोट घालून बघावं तसं. मग तळवा जमिनीवर थोडा घासत, आणि त्या घरातली माणसं कशी आहेत ते त्यांना कळे, असा त्यांचा दावा होता. पुढे पाण्याचा पेला आला की त्यातला एक थेंब गुपचूप खाली सोडायचा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर जमीन तेल प्यायलेली, तिच्यावर काहीही बसणार नाही. थेंब पसरून काळा डाग पडला तर जमीन तहानलेली, म्हणजे चांगली. माणसांनाही ते हाच नियम लावत. आमच्या जनरल मॅनेजरबद्दल त्यांनी मला सांगितलं होतं, “थेंब वरच राहतो. त्यांना काही सांगायला जाऊ नकोस.”

माझ्यासाठी मुलगी बघायला वडीलधारे म्हणून ते बरोबर आले होते. परत येताना माझ्या वडिलांनी अदबीने विचारलं, कशी वाटली मुलगी. नेलप्पा म्हणाले, “मुलगी मी नाही बघितली. स्वयंपाकघराची जमीन तेलकट आहे, पण चटई टाकून झाकलेली नाही. करून टाका.” माझा संसार त्या शिफारशीवर उभा आहे आणि बरा चालला आहे.

तर पहिली जमीन.

कारखान्यात भागांना मुलामा चढवायचा एक लांबलचक हॉल होता. दोन्ही बाजूंना ॲसिडच्या टाक्या, मधून चालायची वाट, आणि वाटेवर वर्षानुवर्षांचं ग्रीस, तेल, सांडलेलं ॲसिड. काँक्रीट जागोजागी खाऊन टाकलेलं. आदल्या वर्षी रंगप्पा नावाचा कामगार तिथे घसरला आणि तोल सावरायला गेलेला हात कोपरापर्यंत टाकीत गेला. हात राहिला, बोटं राहिली नाहीत. त्यानंतर वरून हुकूम आला, की या जमिनीला परदेशी धर्तीचं एपॉक्सीचं लेपण करा. दोन डबे, एकात मधासारखं घट्ट, दुसऱ्यात उग्र वासाचं पातळ. एकत्र कालवले की थोड्या वेळात त्याचा दगड होतो, आणि त्या दगडाला ना ॲसिड लागत ना तेल. माहितीपत्रकावर एक गोरा माणूस आरशासारख्या जमिनीवर हसत उभा होता. मॅनेजरसाहेबांना तो फार आवडला.

नेलप्पांनी पत्रक उलटं ठेवलं. “रंग कोणीही लावेल,” ते म्हणाले. “जमीन कोण करणार?”

जमीन करणं म्हणजे काय ते त्या दिवसांत मला कळलं. आधी लाकडाचा भुसा पसरून तेल शोषायचं. मग खरवडायचं. मग कढत पाण्यात कॉस्टिक सोडा घालून तारेच्या ब्रशांनी घासायचं, धुवायचं, पुन्हा घासायचं. काँक्रीट ओतताना त्याच्यावर सिमेंटची एक मऊ साय धरते. दिसायला ती छान गुळगुळीत असते, आणि सगळा घात तिथे असतो, कारण रंग त्या सायीला धरतो आणि साय कशालाच धरत नाही. ती साय छिन्नीने, पाट्याला टाकी लावतात तशी टाकी लावून काढायची. मग पातळ ॲसिड ओतायचं, ते फसफसून थांबलं की पाणी, पुन्हा पाणी. आणि मग वाळवायचं. नेलप्पा रोज संध्याकाळी एक रबराचा तुकडा जमिनीवर पसरून कडा चिकटवून टाकत. सकाळी तो उचलायचा. खाली जमीन काळपट दिसली, किंवा रबराला घाम आलेला असला, तर आतून ओल येते आहे. थांबायचं. शेवटी ते आपला धुतलेला पांढरा रुमाल काढून जमिनीवर फिरवत आणि मग त्याच रुमालाने तोंड पुसत. तोंड पुसल्यावर नाकावर करडी रेघ उमटली की सगळ्या हॉलला कळायचं, अजून नाही.

आता अडचण अशी होती, की टाक्या बंद ठेवायची सवड फक्त दसऱ्याच्या सुट्टीत मिळायची. म्हणजे आयुधपूजा तयार जमिनीवर आली. आमच्याकडे आयुधपूजेला यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आणि शेवटी एक पांढरा कोहळा. त्याला भोक पाडून आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, यंत्रावरून ओवाळायचा आणि जमिनीवर आपटून फोडायचा. लाल पाणी चहूकडे उडालं म्हणजे त्या जागेची भूक भागली. वर्षभर ती माणूस मागत नाही.

नेलप्पांनी फर्मान काढलं. हॉलमध्ये तेलाचा दिवा नाही, कुंकू नाही, कोहळा नाही. फोडायचा तर बाहेर अंगणात फोडा.

हॉलचा जुना मिस्त्री चिन्नप्पा पुढे आला. उंच, काळा, गालफडं बसलेला माणूस. रंगप्पाला टाकीतून त्यानेच ओढून काढलं होतं. “सार,” तो म्हणाला, “रंगप्पा अंगणात नाही पडला.”

“माहीत आहे.”

“गेल्या वर्षी घाई होती म्हणून कोहळा बाहेरच फोडला होता.”

“तेही माहीत आहे. जमिनीवर तेल होतं म्हणून तो पडला.”

“सरी, सार,” चिन्नप्पा म्हणाला. कन्नडातल्या सरीचा अर्थ ठीक असा आहे, पण हा सरी तसा नव्हता.

पूजेच्या सकाळी आम्ही हॉलमध्ये पोचलो तर बरोबर रंगप्पा घसरला होता त्या जागी कोहळा फुटलेला. घासून फिकट झालेल्या जमिनीवर लाल चिखल. चिन्नप्पा हात जोडून उभा, बाकीचे त्याच्यामागे. मी श्वास रोखून वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मला भांडण हवं होतं. तरुणपणी फुकटचं नाटक कोण सोडतो?

नेलप्पा चवड्यावर बसले. फोडी बाजूला केल्या. कुंकवाचं पाणी काँक्रीटमध्ये झिरपत होतं, डाग मोठा होत होता. त्यांनी मला बोलावलं. “बघ,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लेकराचा बाप बोलतो तसलं कौतुक होतं, “बघ कसं पितंय.”

मग त्यांनी छिन्नी मागवली आणि लाल डाग संपेपर्यंत ते काँक्रीट स्वतः फोडलं. कुणाला हात लावू दिला नाही. उठताना चिन्नप्पाला एवढंच म्हणाले, “माणूस देवाच्या चुकीने पडत नाही. जमिनीच्या माणसाच्या चुकीने पडतो.”

“मग सार, कोहळा तुमच्यावरूनच ओवाळायला हवा होता,” चिन्नप्पा म्हणाला.

कुणी हसलं नाही. मी हसणार होतो, पण नेलप्पांनी मान डोलावली, अगदी सहमती दिल्यासारखी, म्हणून थांबलो.

लेपण झालं. ते ओलं असतानाच त्यांनी त्यावर बारीक वाळू शिंपडायला लावली, पाय धरावा म्हणून. जमीन करड्या सँडपेपरसारखी झाली. मॅनेजरसाहेब पत्रक हातात घेऊन आले आणि पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, यात तोंड दिसत नाही. नेलप्पा म्हणाले, “आरसा हवा असेल तर तो भिंतीला लावतात.” त्या वाटेवर पुढे कुणी घसरल्याचं मी ऐकलं नाही.

माणूस जमिनीच्या माणसाच्या चुकीने पडतो, हे वाक्य कुठून आलं ते कळायला मला त्यांच्या घरी जावं लागलं.

मल्लेश्वरममध्ये त्यांचं बुटकं बैठं घर होतं. माजघरात खाटेवर त्यांची बायको, अक्का. कमरेखालचं अंग गेलेलं, वरचं भलतंच जागं. मी आत पाऊल टाकलं आणि कळवळलो. सगळ्या घराच्या जमिनीला टाकी लावलेली होती. माजघर, स्वयंपाकघर, देवापुढची जागासुद्धा. तळव्याला पाटा टोचावा तसं टोचत होतं.

“बस,” अक्का म्हणाल्या. “चपला घालूनच बस. हे घर नाही, जातं आहे.”

मग नेलप्पा चहा करायला आत गेल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. तेही त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. पूर्वी या घरात लाल कोबा होता. नेलप्पा दर रविवारी गुडघ्यांवर बसून तो नारळाच्या सोडणाने आणि मेणाने घासत. लोक बघायला येत. त्यात देवाची समई उलटी दिसायची. एका सकाळी अक्का ओल्या पायाने न्हाणीघरातून आल्या आणि उंबऱ्याजवळ आडव्या झाल्या. मणका गेला.

“मी पडले, ओरडले, हे धावत आले,” अक्का म्हणाल्या. “आणि आधी कुठं बघितलं असेल? जमिनीकडे. ओल कुठून आली ते बघत होते.”

आतून कपबशीचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

इस्पितळातून अक्का घरी आल्या तोवर नेलप्पांनी सगळा कोबा छिन्नीने फोडून खरखरीत करून ठेवला होता. या घरात आता कुणी घसरणार नाही, असं म्हणाले. आणि खरंच कुणी घसरलं नाही. प्रश्न एवढाच होता, की अक्कांचे हात शाबूत होते. गुळगुळीत जमीन असती तर घोंगडीची घडी बुडाखाली घेऊन त्या हातांच्या जोरावर स्वयंपाकघरापर्यंत, दारापर्यंत सरकत गेल्या असत्या. या जमिनीवर घोंगडी अडकायची आणि कातडी निघायची. इतकी वर्षं त्या खाटेवर होत्या. कुणी उचलून नेईल तेवढंच घर त्यांना दिसायचं.

चहा आला. अक्का म्हणाल्या, “अहो, तुमच्या कारखान्यातला तो दगडासारखा रंग मला लावून द्या. वाळू न घालता.”

“गुळगुळीत जमिनीवर माणूस पडतं,” नेलप्पा कपाकडे बघत म्हणाले.

“पडायला आधी उभं राहावं लागतं. मला नुसतं सरकायचंय. दारापर्यंत. भाजीवाली आली की तिच्याशी मला माझ्या तोंडाने भांडायचंय.”

नेलप्पांनी पाण्याच्या पेल्यातला एक थेंब जमिनीवर सोडला आणि तो कसा पसरतो ते बराच वेळ बघत बसले. मी निघालो तेव्हा दारात मला म्हणाले, “तेल नाहीये. करता येईल.”

अशी दुसरी जमीन सुरू झाली.

ॲसिडचा धूर अक्कांना सोसणार नव्हता, म्हणून त्यांना शेजारच्या गौरम्मांकडे हलवलं. खाट नेलप्पांनी आणि मी धरली, अक्का वरून सूचना देत होत्या. चिन्नप्पा रजेच्या दिवशी आपण होऊन मदतीला यायचा. कोहळ्याबद्दल दोघे कधी बोलले नाहीत. शेजारी शेजारी उकिडवे बसून टाकीचे खड्डे सिमेंटने भरायचे, घासायचे, पुन्हा सायीचा थर काढायचे. ॲसिड झालं, धुणं झालं. राहिलं वाळणं.

आणि जमीन वाळेना. त्या घराखाली कधीकाळी विहीर होती म्हणत. रोज संध्याकाळी नेलप्पा रबर पसरत, रोज सकाळी उचलत, रोज खाली काळपट डाग. कारखान्यातला तुकडा छोटा पडतो म्हणून त्यांनी इस्पितळातून आणलेलं, अक्कांच्या अंथरुणाखालचं रबरशीट उचलून नेलं. अक्का मला म्हणाल्या, “माझ्याखालचं काढून जमिनीला दिलं. आमच्या दोघींत लाडकी कोण ते बघ.”

पण त्या खुशीत होत्या, आणि त्याचं कारण गौरम्मांची जमीन होती. जुना लाल कोबा, पिढ्यानपिढ्या पायांनी घासून काचेसारखा झालेला. मी एकदा गेलो तर अक्का खाटेवर नाहीत. घोंगडीच्या घडीवर बसून त्या दाराशी पोचल्या होत्या, मांडीवर अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांनी भरलेलं सूप, आणि रस्त्यावरच्या भाजीवालीशी कन्नडात जोरदार वाद चाललेला. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “यांना सांगू नकोस,” म्हणाल्या. “इथंसुद्धा टाकी लावतील.”

सांगायची गरज पडली नाही. पुढच्याच आठवड्यात मी तिथे असताना नेलप्पा अवेळी आले आणि दारात उभे राहिले. अक्का स्वयंपाकघराकडून माजघराकडे सरकत येत होत्या, दोन्ही हात मागे टेकवत, केस सुटलेले, श्वास लागलेला. नवऱ्याला बघून जागच्या जागी थांबल्या. इतक्या वर्षांत अक्कांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी स्वतः जाताना त्यांनी पहिल्यांदा बघितलं असेल. नेलप्पा वाकले. गौरम्मांच्या कोब्यावर तळवा फिरवला.

“मेण जास्त झालंय,” ते म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर मात्र ते जमिनीमागे हात धुऊन लागले. घरात कोळशाच्या शेगड्या पेटवून ठेवल्या. कारखान्यातून पंखा आणला. अक्कांची तब्येत उतरत होती. पडून राहून पाठीला झालेल्या जखमा भरेनात, ताप यायला लागला. पण हात टेकत सरकणं त्यांनी थांबवलं नाही. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं तर म्हणाल्या, झोपण्याचा माझा कोटा झालाय.

चिन्नप्पाने शेवटी तोंड उघडलं. “सार, लावून टाका. ओल स्वल्प आहे.”

“स्वल्प ओलीनेच फोड येतात. वरची कातडी सुटते. कडा वर येतात, चाकूसारख्या. त्यावरून ती सरकणार आहे.”

“दोन वर्षं टिकेल तरी.”

“दोन वर्षांनी ती कुठं जाणार आहे?”

चिन्नप्पाने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. हे आम्ही अक्कांना सांगितलं नाही, पण त्यांच्यापासून काय लपणार? त्यांनीच मला विचारलं, “काय रे, अजून पाणी पितेय का माझी सवत?” मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, मला ती किती दिवस पुरवायचीय याचा पण जरा हिशोब करा.” मी निरोप पोचवला. नेलप्पांनी ऐकून घेतला. थेंब वर राहिला की आत गेला, मला कळलं नाही.

शिवरात्रीच्या आसपासचा तो रविवार. सकाळी सकाळी नेलप्पांचा निरोप आला, ताबडतोब ये, जुने कपडे घालून ये. मी पोचलो तर दारात दोन्ही डबे, ब्रश, कालवायची काठी, सगळं मांडून ठेवलेलं. नेलप्पा उंबऱ्याच्या आत अनवाणी उभे. हातात रबरशीट. त्यांनी ते उलटं करून मला दाखवलं. कोरडं. खाली जमीन एकसारखी, फिकट, पिठासारख्या रंगाची, पण बोटाला पीठ न लागणारी. रुमाल फिरवून त्यांनी तोंड पुसलं. तोंडावर रेघ नव्हती. वर उचललेला त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पूर्ण बघितला, आणि तो बऱ्यापैकी देखणा होता.

“चल,” ते म्हणाले, “तिला सांगून येऊ.”

आम्ही शेजारच्या घरी निघालो, तेवढ्यात गौरम्माच आमच्याकडे येताना दिसल्या. डोक्यावरचा पदर तोंडात धरलेला. अक्का पहाटे गेल्या होत्या. खाटेवर नव्हे. उजाडल्यावर गौरम्मा उठल्या तेव्हा त्या दाराशी घोंगडीवर बसलेल्या होत्या, चौकटीला टेकून.

नेलप्पांनी रबरशीटची नीट घडी केली. काखेत धरली. आत जाऊन अक्कांच्या समोर बसले आणि तसेच बसून राहिले. रडले नाहीत, बोलले नाहीत. लोक जमले. चिन्नप्पा आला. कुणीतरी भटजींना आणायला गेलं, कुणी बांबू आणायला. नेलप्पांना कुणी काही विचारलं तर ते त्याच्या पायांकडे बघत. ऊन वर आलं तरी त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, आणि बायका आपसात म्हणायला लागल्या, की यांना रडवायला हवं, नाहीतर धसका बसेल.

भटजी आले. शेवटचं सगळं स्वतःच्या घरातून व्हायला हवं, म्हणाले. आम्ही अक्कांना उचलून नेलप्पांच्या दारात आणलं. त्यांना जमिनीवर ठेवायचं, तर आधी जागा सारवायला हवी. गौरम्मा पुढे झाल्या. बादलीत शेण कालवून तयार होतं. त्या उंबरा ओलांडून माजघरात गेल्या, पदर खोचून खाली बसल्या आणि शेणाच्या पाण्याने भरलेली ओंजळ त्यांनी वर उचलली. आम्ही दारात अक्कांना धरून उभे.

तेव्हा सकाळपासून मिटलेलं नेलप्पांचं तोंड उघडलं.

“ओलं करू नका,” ते म्हणाले. “आत्ता कुठं वाळलीय.”